डावीकडे ओढणारी जीप

दहिवली, कर्जत
१९ ऑक्टोबर १९६४

श्री. त्र्यंबकराव,

नमस्कार आणि कुशल रीतीप्रमाणे झालं असं समजा, मी मुद्द्यावर येते. दसऱ्याच्या मुहूर्तावर तुम्ही मला जी वस्तू जीप म्हणून दिलीत ती दहिवलीला पोचली. शेवटचा मैल ती दुसऱ्याच्या बैलांनी ओढून आणली. उल्हास नदीच्या पुलावरून आमची मिरवणूक निघाली तेव्हा खाली धुणं धुणाऱ्या बायका काम टाकून वर आल्या. पुढे बैल आणि बॉनेटवर झेंडूचा हार पाहून एकीने हात जोडले. देव चालला आहे असं तिला वाटलं असावं.

आता गाडीचे गुण ऐका. खालापूरची वेस ओलांडल्याबरोबर ती डावीकडे ओढायला लागली. सगळा वेळ चाक उजवीकडे दाबून बसावं लागतं. माझे खांदे अजून दुखत आहेत. डावीकडे वळलं की भोंगा आपोआप वाजतो आणि वळण संपेपर्यंत थांबत नाही. चौकच्या नाक्यावर पोलिसाने मला अडवून विचारलं, "बाई, कुनावर एवढ्या रागावल्याव?" तुमचं नाव सांगणार होते. रेडिएटरमधलं पाणी वाटेत तीनदा उकळलं. बॅटरी रात्रभर विश्रांती घेऊन सकाळी जास्तच थकलेली असते. उजवा दिवा लावला तर डावा विझतो.

तुम्ही माझ्या कै. सुशीलाताईचे दीर, घरचा माणूस, म्हणून मी माझा रॉकेलवर चालणारा फ्रीज देऊन ही जीप घेतली. हौस म्हणून घेतली नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन मी वडिलांच्या या घरात राहायला आले हे तुम्हाला ठाऊक आहे. घर माझ्या आणि मुकुंदाच्या नावावर आहे. मुकुंद माझा धाकटा भाऊ, पण विमा कंपनीत साहेब झाल्यापासून तो सगळ्यांचाच थोरला झाला आहे. त्याचं म्हणणं असं की बाजार, डॉक्टर, स्टेशन सगळं नदीपलीकडे, तेव्हा ताई इथे एकटी कशी राहणार. घर विकावं आणि ताईने दादरला यावं. तिथे माझ्यासाठी स्वयंपाकघरामागची खोली काढली आहे, जिच्यात सध्या लोणच्याच्या बरण्या राहतात.

नाताळच्या सुट्टीत तो विक्रीचं पक्कं करायला येतो आहे. मी त्याला कळवून बसले आहे की माझी स्वतःची उत्तम मोटार आहे आणि मी तुला स्टेशनवर घ्यायला येईन. चालवणं मला येतं. लढाईच्या काळात मी अ‍ॅम्ब्युलन्स चालवली आहे. प्रश्न फक्त मोटारीचा आहे. ती चालली नाही तर माझं घर गेलं.

म्हणून सरळ विचारते, ही गाडी तुम्ही आजवर कशासाठी वापरत होता?

प्रमिला दिघे


खालापूर
२७ ऑक्टोबर १९६४

ती. प्रमिलाताईंच्या सेवेशी त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र वाचून सौ.ला आणि मला फार वाईट वाटलं. सौ. म्हणाली, ताई रागावतात तेव्हाच त्यांचं अक्षर इतकं सुरेख येतं.

गाडी लष्कराच्या लिलावातली आहे, हे मी लपवलं नव्हतं. लढाई पाहिलेली गाडी थोडी मानी असायचीच. आमच्याकडे तिला कष्ट कधी पडले नाहीत. कै. बाबा चतुर्थीला महडच्या गणपतीला जात, तेवढीच तिची फेरी. गाडीत बसूनच देवळाभोवती प्रदक्षिणा घालायची त्यांना हौस होती. डावीकडे ओढण्याची सवय तिला त्यातून लागली असेल तर ते पुण्याचंच लक्षण म्हणायचं. भोंग्याचं म्हणाल तर वळणावर भोंगा वाजवावा असा सरकारचाच नियम आहे. तुमची गाडी तो आपण होऊन पाळते.

भिसेगावला पोशा मिस्त्री म्हणून आहे, त्याला दाखवा. माझं नाव सांगू नका.

जाता जाता, आपल्या फ्रीजबद्दल. तो गार करत नाही. उलट दार उघडलं की आतून ऊब येते. सौ. त्यात सध्या पापड ठेवते, ते मात्र कुरकुरीत राहतात. कोठे काही कळ फिरवायची राहिली आहे काय?

आपला,
त्र्यंबक कर्णिक


दहिवली
९ नोव्हेंबर १९६४

त्र्यंबकराव,

मी नन्सच्या शाळेत शिकले म्हणून मला देवळातलं काही कळत नाही असा तुमचा समज दिसतो. प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतात. म्हणजे गाडी उजवीकडे वळायला हवी. तुमची डावीकडे वळते. तुमचे बाबा देवमाणूस होते, ते गणपतीला उलटी प्रदक्षिणा घालतील हे मला पटत नाही.

तुमचा पोशा मिस्त्री येऊन गेला. त्याने गाडीला एक चक्कर मारली, टायरला लाथ मारली आणि चहा मागितला. मी विचारलं, काय झालंय. तो म्हणाला, "काय बी झालेलं नाय, बाई. तुमी फकस्त उजवीकडं जायाचं मनात आनू नका." मी म्हटलं, बाजार उजवीकडे आहे. तर म्हणतो, "मग डावीकडनं वळसा घाला, पोचाल की."

तेव्हा मीच बाह्या सरसावल्या. एक्स्चेंजमध्ये माझा जन्म तारांत गेला आहे, तारांना मी भीत नाही. भोंग्याची तार चाकाच्या दांड्यातून वर येते. ती एकाच बाजूला घासून उघडी पडली होती, त्या बाजूला वळलं की दांड्याला टेकायची आणि भोंगा वाजायचा. तिला नवं रबर गुंडाळलं. बॅटरी रात्री का मरते तेही सापडलं. मागच्या दिव्याची तार कोणीतरी बटणाला वळसा घालून थेट जोडली होती. तो दिवा दिवसरात्र जळायचा आणि चिखलाच्या थरामुळे कोणाला दिसायचा नाही. तोंडात तार धरून मी चाकाखाली आडवी झालेली पाहून आमची गौराबाई म्हणाली, "बाई, सरकारनं तुमाला पेन्शन देऊन भलतंच केलं."

नंतर रेडिएटर उघडला. जाळीत तूस. तुसावर पेंढ्याचा भुगा आणि त्यावर पुन्हा तूस. एवढा दाट थर की वारा आत जाईल कुठून आणि पाणी उकळणार नाही तर काय होईल. शेवटी सीटखालची पेट्रोलची टाकी पाहायला सीट उचलली, तर तिथे कोपऱ्यात चिखलात भाताची रोपं उगवली होती. हिरवीगार, हातभर नसली तरी वीतभर तरी होती. गौराबाई कौतुकाने म्हणाली, "लावनी कुनी केली गं बाय इथं?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लष्करी जीप, तिचं चाक डाव्या हाताला. चालवणाऱ्याला खांब दिसावा म्हणून तो खांब डावीकडे ठेवणार आणि दिवसभर डावीकडेच वळत राहणार. बाहेरच्या अंगाला पडणारे उजवे टायर जास्त झिजणार. ते झिजलेच आहेत, मी पाहिले. त्र्यंबकराव, तुम्ही ही गाडी खळ्यावर मळणीला लावत होता. मोटारीला तिवड्याच्या खांबाभोवती फिरवून भात मळत होता. तुम्ही तिचा बैल केलात आणि मला मोटार म्हणून दिलात.

गौराबाईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तरीच. ही गाडी जायाची नाय, फिरायचीच हाय."

लेखी खुलासा पाठवा.

प्रमिला दिघे

ता. क. फ्रीज बिघडलेला नाही. तो उचलून डोक्यावर उभा करा, दिवसभर तसाच ठेवा, मग सरळ करून दिवा लावा. थट्टा करत नाही. आतला वायू अडकला की असंच करतात.


खालापूर
१५ नोव्हेंबर १९६४

ती. प्रमिलाताईंस त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार.

आपल्यापुढे कोणाचं काही चालत नाही. बैल म्हातारे झाले ते विकले, नवे घेण्याआधी एका वर्षी सहज म्हणून जीप खळ्यात घातली, आणि मग ती पद्धतच पडली. तिच्या चार चाकांखाली जे भात दोन जोड्यांना तीन दिवस लागायचं ते एका दिवसात सुटतं. पुढे शेजारच्यांची खळी, मग पलीकडच्या वाडीतली. कोणाला नाही म्हणता येईना. पण बाबांनी महडला नेली होती हेही खरं आहे. एकदा.

आता महत्त्वाचं. सौ.चा विश्वास नव्हता, पण मी आपल्या सांगण्याप्रमाणे फ्रीज डोक्यावर उभा केला. धाऊ ठाकर आणि आमचा गोमा, दोघांनी धरला. धाऊ म्हणाला, "मालक, पेटी रुसलीय काय?" दुसऱ्या दिवशी सरळ केला आणि संध्याकाळी पाण्याच्या भांड्यावर बर्फाची साय आली. सगळी आळी पाहून गेली.

त्यावरून मला सुचलं ते असं. फ्रीज उलटा केल्याने बरा होतो, तर जीप उलटी का फिरवू नये? डावीकडे फिरून फिरून जे वळण तिच्या अंगात बसलं ते उजवीकडे फिरवून उतरेल. सुताचा पीळ आपण असाच सोडवतो. योगायोगाने आमचं भात कापून झालं आहे, भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या आहेत आणि खळं सारवून तयार आहे. आपण गाडी घेऊन आलात तर तिच्यावर उपचार होईल आणि उपचार होता होता थोडं भातही मळून निघेल.

आपला,
त्र्यंबक


दहिवली
२० नोव्हेंबर १९६४

त्र्यंबकराव,

माणसाने निर्लज्ज असावं, पण इतकं हुशारीने नाही.

फ्रीजमध्ये वायू असतो. जीपमध्ये नसतो. जीपमध्ये पोलादी सांधे असतात, ते झिजले की झिजले. त्यांना पीळ नसतो आणि तो उतरवायला उलट फिरवायचं नसतं. सिस्टर बर्नाडेट आम्हाला पदार्थविज्ञान शिकवत होत्या. हे वाचून त्या बिचाऱ्या थडग्यात कूस बदलतील, डाव्या की उजव्या ते तुम्ही ठरवा.

गाडी येणार नाही. ती आता दर सकाळी सुरू होते, पाणी उकळत नाही. ओढते अजून, पण मी तिच्याशी जुळवून घेतलं आहे. स्टेशनपासून घरापर्यंत असा रस्ता शोधून काढला आहे की त्यात फक्त डावी वळणं येतात. गुरांच्या गोठ्यामागून जावं लागतं, पण मुकुंदाला मी ते निसर्गसौंदर्य म्हणून दाखवीन.

प्रमिला


खालापूर
१० डिसेंबर १९६४

ती. प्रमिलाताईंस साष्टांग नमस्कार.

आज विनंती करायला लिहीत नाही. मुकुंदरावांचं मला पत्र आलं आहे. विचारतात की ताईची मोटार खरोखर चालते का, आपण ती दिलीत तेव्हा आपलं मत कळवा. शिवाय लिहितात की स्टेशनावरून घरी कोणीही आणील. "नाताळच्या दिवशी मी ताईला म्हणेन, चल मला महडला घेऊन आणि परत आण. धड नेलं-आणलं तर मी विक्रीचा विषय काढणार नाही. वाटेत गाडी बंद पडली तर कागदावर सही करून घेईन."

हे आपल्याला आधी कळावं म्हणून लिहिलं. गाडी उत्तम असल्याचं मी त्यांना कळवलं आहे. एवढं खोटं आपल्यासाठी बोललो.

महडच्या रस्त्यावर उजवी वळणं बरीच आहेत. आणि आमचं खळं त्याच रस्त्याला आहे, भात अजून तसंच पडून आहे. वाडीतली माणसं रोज विचारतात, "मालक, बाईंची गाडी कदी येनार?" त्यांच्या घरात नवा दाणा अजून गेलेला नाही. बैल मागायला आता उशीर झाला. जिकडे-तिकडे गुंतलेले आहेत.

त्र्यंबक


दहिवली
१४ डिसेंबर १९६४

त्र्यंबकराव,

वाडीतल्या लोकांना नवा दाणा मिळालेला नाही हे गेल्या महिन्यातल्या पत्रातच लिहायचं होतं. तिथे पीळ आणि सूत घालत बसलात.

नाताळला सकाळी येते. मुकुंद आणि भावजय सुलभा बरोबर असतील. बायका आम्ही टांग्याने महडला पुढे जाऊ, गाडी दुपारपर्यंत तुमच्याकडे राहील. मुकुंदाला सांगीन की महडच्या आधी इंजिन गार करावं लागतं, तोपर्यंत तू इथे थांब. गोमाने हवं त्या दिशेने फिरवावी. उपचार म्हणून नव्हे, भात म्हणून.

आणि परतताना ती मला चालू स्थितीत मिळाली पाहिजे. माझं घर त्या गाडीत आहे हे विसरू नका.

प्रमिला


खालापूर
२६ डिसेंबर १९६४

ती. प्रमिलाताईंस त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार.

आपण काल महडला गेल्यावर खळ्यावर काय घडलं ते आपल्याला सांगणार नाही असं मुकुंदरावांनी माझ्याकडून वचन घेतलं आहे. म्हणून तोंडाने न सांगता लिहून कळवतो.

आधी ते नाकाला रुमाल लावून आंब्याखाली खुर्चीत बसले होते. गोमाने जीप उजवीकडून फिरवायला घेतली. गाडी सारखी खळ्याबाहेर ओढायची आणि तो तिला आत तिवड्याकडे आणायचा. मुकुंदराव थोडा वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "अहो, असं नाही. चाक हलकं धरायला हवं." गोमा म्हणाला, "धरून दावा की सायेब." ते उठले. कोट काढून खुर्चीला लावला. मग बूट काढले.

ताई, त्यानंतर ते जीपमधून खाली उतरलेच नाहीत. भात चाकांखाली सरसर सुटायला लागलं आणि गृहस्थाचा चेहराच बदलला. पेंढा उलटणाऱ्या बायका मधे मधे उड्या मारून बाजूला होत होत्या. धाऊची बुधी ओरडली, "ओ सायेब, आमाला बी मळता काय?" त्यावर ते जे हसले ते खळ्याच्या चारी बाजूंना ऐकू गेलं. जेवायला बोलावलं तर भाकरी आणि मिरची वर मागवली आणि एका हाताने चाक धरून खाल्ली. आमचं खळं झालं, शेजारचं झालं. वाडीतलं राहिलं म्हणून स्वतः होऊन म्हणाले, "चला तिकडे." आपण परत आलात तेव्हा ते पुन्हा खुर्चीत कोट घालून बसले होते, पण पायात बूट उलटसुलट होते ते सुलभावहिनींच्या लक्षात आलं असावं.

वाडीच्या घराघरांत नवं भात गेलं. जना म्हातारीने आपल्यासाठी पायलीभर पाठवलं आहे, पुढच्या फेरीत देतो.

आता परतीचा प्रवास कसा झाला ते कळवा. उजवीकडून फिरवल्याचा गुण आला की नाही, याची मला उत्सुकता आहे.

त्र्यंबक


दहिवली
४ जानेवारी १९६५

त्र्यंबकराव,

गाडी सरळ चालली. चौकपर्यंत मी विश्वास न ठेवता चाक उजवीकडे दाबत होते, त्यामुळे आम्ही दोनदा उजवीकडच्या चरात जाता जाता वाचलो. मग हात सैल सोडला तर ती नाकासमोर निघाली. भोंगा वाजला नाही, पाणी उकळलं नाही. उल्हासचा पूल मी एखाद्या मडमेच्या थाटात ओलांडला.

तुम्ही लगेच खळ्याचं श्रेय घ्याल, म्हणून सांगते. आदल्या दिवशी पोशा मिस्त्रीला मी पुन्हा बोलावलं होतं आणि पुढच्या चाकांचे सांधे माझ्या देखत आवळून घेतले होते. तुम्हाला मुद्दामच कळवलं नव्हतं. पोशाने आवळले तरी येताना ती ओढतच होती हे खरं, पण सांधे बसायला थोडा वेळ लागतो.

महडला जायचं राहिलं, तो विषय मुकुंदाने काढलाच नाही. केसांत पेंढा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहा घेताना म्हणाला, "ताई, घर विकायचं नाही." मी म्हटलं, बरं. कागद त्याने बंबात घातला. मी आत जाऊन देवापुढे आणि मेरीमातेपुढे, दोघांपुढे उदबत्ती लावली. त्या सकाळी मला जेवढं हलकं वाटलं तेवढं निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तो हलकेपणा दुपारपर्यंत टिकला. दुपारी मुकुंदाने विचारलं की उन्हाळी भात किती दिवसांनी येतं. मग म्हणाला की दर शनिवारी तो येत जाणार आहे. सुलभाने पुढची खोली पाहून ठेवली, माझे पडदे तिला काळपट वाटतात. गेल्या शनिवारी दोघं आलीसुद्धा. मला बाजारात जायचं होतं, तर गाडी नव्हती. मुकुंद ती घेऊन पळसदरीच्या रस्त्याला गेला होता, आणि येताना कोणाकोणाच्या खळ्यावर थांबून "काही मळायचं आहे का" म्हणून विचारून आला. गौराबाई म्हणते, "सायेबांस्नी गोडी लागली. आता कुनाचं ऐकायचं नायत."

मला हे घर हवं होतं ते एकटीला राहायला हवं होतं, त्र्यंबकराव. तेवढ्यासाठी तर मी चाकाखाली आडवी झाले.

तुम्हाला एक काम सांगते. मुकुंदाला पत्र लिहा. गाडी खराब आहे, वारंवार बिघडते, तिच्यावर हात घालू नये, असं काहीतरी. कसं लिहायचं ते मी तुम्हाला शिकवायला नको. तुमच्या प्रदक्षिणेच्या पत्रावर माझा अर्धा दिवस विश्वास बसला होता.

प्रमिला


खालापूर
१३ जानेवारी १९६५

ती. प्रमिलाताईंस त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार.

आज्ञेप्रमाणे मुकुंदरावांना पत्र लिहिलं. सौ. म्हणाली, या वेळी तरी खरं लिहा, म्हणून एक शब्दही रचला नाही. गाडी डावीकडे ओढायची, भोंगा आपोआप वाजायचा, एक दिवा लावला की दुसरा विझायचा, बॅटरी रात्रीत मरायची, रेडिएटर तुसाने बुजला होता, सीटखाली भात उगवलं होतं, आणि हे सगळं पुन्हा केव्हाही सुरू होऊ शकतं, असं सविस्तर लिहिलं.

उत्तर उलट टपाली आलं. त्यांना अतिशय आनंद झाला आहे. मोटारीत इतकं काही करण्यासारखं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पान्यांचा संच घेतला आहे, निळा डगला शिवायला टाकला आहे, आणि शनिवारऐवजी शुक्रवारीच निघतात. इंजिन पूर्ण उतरवायचा विचार आहे. ते अंगणात मांडण्यासाठी आपल्याकडे एखादी जुनी सतरंजी असेल तर काढून ठेवावी.

पत्राच्या शेवटी त्यांनी मला एक विचारलं आहे. इतकी नादुरुस्त गाडी ताईने तीन महिने चालवली, तरी तिने कोणाजवळ तक्रारीचा एक शब्दसुद्धा कसा काढला नाही?

मी त्यांना कळवलं, ताईंचा स्वभावच सोसण्याचा आहे.

आपला,
त्र्यंबक